घरं वाढली, माणसं घटली: कोकणातल्या एका बाजारगावातलं पाणीपट्टीचं प्रकरण

गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तरेकडचं. नाव देत नाही, कारण यातली सगळी माणसं अजून तिथेच आहेत आणि रोज एकमेकांचं तोंड बघतात. काही बारीक तपशील बदललेत, गावातले आकडे गोल केलेत, बाकी जसं घडलं तसं लिहितोय. मी स्वतः त्या वेळी गावच्या पाणीपुरवठा आणि स्वच्छता समितीवर होतो, त्यामुळे यातल्या दोन चुका माझ्या पण आहेत, त्या पुढे येतीलच.

पार्श्वभूमी

अगदी खेडं म्हणता येणार नाही आणि शहर तर नाहीच नाही. आजूबाजूच्या पंधरा-वीस वाड्यांची बाजारपेठ, एसटी स्टँड, हायस्कूल, दोन बँका, प्राथमिक आरोग्य केंद्र, आठवडा बाजार. ग्रामपंचायत 11 सदस्यांची, म्हणजे कागदावर लोकसंख्या 3001 ते 4500 मधली.

आता जिल्ह्याचं चित्र बघा म्हणजे गावचं कळेल. 2001 ते 2011 या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या जवळपास 16 टक्क्यांनी वाढली आणि त्याच दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची 16,96,777 वरून 16,15,069 वर आली, म्हणजे 81 हजारांच्या वर माणसं कमी झाली. राज्यात घटलेले जिल्हे तीनच होते, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि तिसरा मुंबई शहर. मला ह्या तिसऱ्या नावाचं नेहमी वाटत राहतं, कारण आमच्याकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या जिथे गेली ते लालबाग, परळ, शिवडी ह्या मुंबई शहर जिल्ह्यातच येतं. 1982 च्या संपानंतर गिरण्या बसल्या, खोल्या विकल्या गेल्या आणि तीच माणसं पुढे नालासोपारा, विरार, दिवा, डोंबिवली अशी सरकली. म्हणजे गावातून पण घटली आणि मुंबईतून पण. जिल्ह्यात 2011 ला दर हजार पुरुषांमागे 1122 बायका होत्या, ते यामुळेच, पुरुष कामाला बाहेर.

पैशाचं पण तसंच बदलत गेलं. माझ्या लहानपणी महिन्याच्या सात-आठ तारखेला पोस्टमन मनीऑर्डर घेऊन यायचा आणि त्यावर घर चालायचं, वाण्याची उधारी त्याच दिवशी फिटायची. 1990 पासून रोजगार हमीतून फळबाग लागवड सुरू झाली, डोंगर उतारावर हापूस नि काजू उभे राहिले, कलमं धरती झाल्यावर काही घरांना बरं उत्पन्न यायला लागलं. 1998 ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि मुंबईला जाणं सोपं झालं, येणं पण. मग 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. नारळी-पोफळी आडव्या झाल्या, आणि पोफळ परत लावून सुपारी हातात यायला सहा-सात वर्षं जातात, त्यामुळे ज्या घरांचं बागायतीवर होतं त्यांचं उत्पन्न एका दुपारीत गेलं.

आणि घरं? घरं वाढतच होती. रिटायर झाला की फंडाचे पैसे येतात, त्यातून जुनं कौलारू उतरवायचं आणि चिऱ्याचं स्लॅबचं बांधायचं, हे प्रत्येकाचं स्वप्न. शिवाय भाऊ वेगळे झाले की एका घराची तीन दारं होतात नि तीन दारांना तीन नळ लागतात. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या रजिस्टरमध्ये, घरांची संख्या दर खेपेला चढत होती आणि शाळेचा पट दर वर्षी उतरत होता, पण ही दोन रजिस्टरं शेजारी ठेवून बघावीत असं तोवर कोणाला सुचलं नव्हतं.

अडचण कुठे सुरू झाली

गावची नळपाणी योजना नदीच्या कडेच्या जॅकवेलवर, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीवर. साडेसात एचपीची मोटर होती, ती मे महिन्यात आणि गणपतीत पुरायची नाही म्हणून काही वर्षांपूर्वी पंधराची बसवली. इथेच मूळ आहे. मोठी मोटर म्हणजे मंजूर भार मोठा, आणि वीजबिलात जो स्थिर आकार असतो तो भारावर लागतो, मोटर दिवसात तीन तास चालवा नाहीतर दहा तास. म्हणजे वर्षातल्या दोन महिन्यांच्या गर्दीसाठी बसवलेल्या मोटरीचा खर्च बारा महिने, आणि तो भरणारी माणसं मात्र फक्त बारा महिने राहणारी.

हे आम्हाला तेव्हा असं स्पष्ट कळलेलं नव्हतं. आम्हाला एवढंच दिसत होतं की बिल थकतंय, थकबाकीवर अधिभार चढतोय, आणि पाणीपट्टी निम्मी पण वसूल होत नाही. वित्त आयोगाचा बंधित निधी, म्हणजे ठरावीक कामांनाच वापरायचा, तो पाण्यासाठी वापरता येतो, पण त्या निधीचं वाटप प्रामुख्याने 2011 च्या लोकसंख्येवर, आणि ती मोजणी झाली 9 ते 28 फेब्रुवारीत. त्या वर्षी शिमगा, ज्याला मुंबईची माणसं गावी येतात, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात होता. म्हणजे गावात वर्षातली सगळ्यात कमी माणसं असताना आमची डोकी मोजली गेली. तसं बघायला गेलं तर मोजणाऱ्यांची चूक नाहीच, जो जिथे राहतो तिथेच मोजला जाणार, पण पाणी आम्हाला त्या आकड्यापुरतं द्यायचं नव्हतं ना.

2020 चा लॉकडाऊन आला तेव्हा हे पहिल्यांदा डोळ्यासमोर आलं. एप्रिलपर्यंत चाकरमानी मिळेल त्या वाटेने गावात पोचले आणि सकाळी नऊला टाकी रिकामी व्हायला लागली. आमच्याकडे पाणी सोडणारे काका आहेत, जवळपास वीस वर्षं तेच व्हॉल्व फिरवतात. ते म्हणाले, "गणपती पाच दिवसात जातात, ह्ये गणपती काय जात नायत." तेव्हा सगळे टेन्शनमध्ये होते म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. पण ते बोलले त्यात सगळं प्रकरण होतं.

पहिला निर्णय, आणि तो का फसला

26 जानेवारी 2022 च्या ग्रामसभेत ठराव झाला, खास पाणीपट्टी, म्हणजे घरातल्या नळाची, वर्षाला 600 ची 1200. सगळ्यांना सारखी. बाजूने हात वर करणाऱ्यात मी होतो. हिशोब सरळ वाटला, 700 च्या आसपास कनेक्शनं, दर डबल, बिल भागतंय.

त्या ग्रामसभेला कोण होतं हे आज आठवून बघतो. बाजारपेठेतले दुकानदार, काही शिक्षक, बचत गटाच्या बायका, सदस्यांची माणसं. वरच्या वाडीतलं जवळपास कोणी नाही, कारण उतरून यायचं नि परत पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, चढायची, सत्तरीच्या माणसाला ते झेपत नाही. आणि मुंबईची माणसं जानेवारीत कुठून असणार.

एप्रिलपासून नवा दर लागू केला आणि वसुली वाढायची सोडून कमी झाली. जे 600 भरत होते त्यातल्या बऱ्याच जणांनी पण हात आखडला.

वसुलीला मी एकदा शिपायाबरोबर वरच्या वाडीत गेलो होतो. एक आजी आहेत, एकट्याच राहतात, मुलगा डोंबिवलीला रिक्षा चालवतो. त्यांनी आतून बिस्किटाचा पत्र्याचा डबा आणला, त्यात 1990 च्या दशकापासूनच्या घरपट्टीच्या, पाणीपट्टीच्या सगळ्या पावत्या, रबर लावून वर्षावार. एकही वर्ष चुकलेलं नाही. मला म्हणाल्या, "माजं दिसाला दोन हांडं पानी. समोरच्यांचं घर धा म्हयनं बंद, गणपतीत पंधरा मानसं येतात, गाड्या धुतात, त्यांना पन बाराशे नि मला पन बाराशे? नळ काढून न्या बाबांनू, मी जाईन इहिरीवर." आणि त्या खरंच विहिरीवर जायला लागल्या, गुडघे दुखत असताना. मला त्या दिवशी परत येताना फार वाईट वाटलं, कारण त्यांचा हिशोब आमच्या समितीपेक्षा बरोबर होता.

समोरच्या बंद घरवाल्यांचं म्हणणं उलट. फोन केला तर म्हणाले की आम्ही दहा महिने थेंब वापरत नाही, कशाचे बाराशे? दोघांचंही आपापल्या जागी बरोबर, आणि दोघंही भरत नाहीत.

डिसेंबर 2022 ला थकबाकीपोटी मोटरचं कनेक्शन कापलं. नऊ दिवस गाव टँकर आणि विहिरींवर. नऊ दिवसांनी सदस्यांनी नि दुकानदारांनी पदरचे पैसे घालून एक हप्ता भरला आणि मोटर सुरू झाली.

नीट बघायला घेतलं तेव्हा

सरपंच ताईंनी एक गोष्ट चांगली केली, त्यांनी लगेच दुसरा दर ठरवायला घेतला नाही. त्या म्हणाल्या आधी गावात माणसं किती आहेत ते तरी बघूया. जानेवारी 2023 ला अंगणवाडी सेविका, कॉलेजची दोन मुलं आणि मी असे घरोघरी निघालो.

पहिल्या दोन दिवसांचे फॉर्म फाडून टाकावे लागले. आम्ही विचारत होतो "घरात माणसं किती?" आणि उत्तर यायचं सात, नऊ, अकरा. घरात तर समोर दोनच म्हातारी दिसतायत. कारण त्यांच्या मनात घर म्हणजे मुंबईतली सगळी धरून, नातवंडांसकट. रेशनकार्डावर नाव, देवाच्या पालखीला मान, वर्गणीच्या यादीत नाव, मग ते घरातलंच ना माणूस. खोटं कोणीच बोलत नव्हतं, विचारायची पद्धतच आमची चुकीची होती. तिसऱ्या दिवशी सेविकाबाई म्हणाल्या, असं विचारूया, काल रात्री इथे किती जण जेवले? आणि खरा आकडा यायला लागला. सात म्हणणाऱ्या घरात दोन जेवलेले, नऊ म्हणणाऱ्या घरात एक.

पैशाचं पण तसंच. उत्पन्न किती विचारलं की माणूस गप्प, नाहीतर रेशनकार्डात बसेल तेवढा आकडा सांगतो. म्हणून विचारलं, मागच्या महिन्याचा किराणा कोणी भरला? ह्यावर लोक भरभरून बोलले. आणि इथे मला जे कळलं ते आधी माहीत असतं तर 2022 चा ठराव मी होऊ दिला नसता. मनीऑर्डर पोस्टमनकडून आईच्या हातात पडायची. आता मुलगा मुंबईतून थेट किराणावाल्याला जीपे करतो, मेडिकलवाल्याला करतो, लाईटबिल ऑनलाईन भरतो. बाजारपेठेतल्या एका दुकानात अर्धा तास बसलो तर पाच वेळा मोबाईल वाजला, "आईचं सामान", "बाबांच्या गोळ्या". पैसा गावात येतोय, कदाचित आधीपेक्षा जास्तच येतोय, पण म्हातारीच्या हाताला लागत नाही. तिच्या हातात येते ती श्रावणबाळची पेन्शन, तेव्हा महिना 1000, जुलै 2023 पासून 1500, आणि सातबाऱ्यावर नाव असेल तर पीएम किसानचे वर्षाला 6000. त्यातून ती पाणीपट्टी भरत होती. म्हणजे आम्ही बिल देत होतो ते ज्याच्याकडे पैसा नाही त्याच्या हातात.

सगळी बेरीज झाल्यावर साधारण असं निघालं. 700 मधली दोनशे तीसच्या आसपास घरं वर्षातला बहुतेक काळ कुलूपबंद. दीडशेच्या वर घरांत फक्त एक किंवा दोन म्हातारी माणसं. उरलेल्या तीनशेत काय ते नांदतं घर, मुलंबाळं, दुकान, नोकरी, बागायत.

आणि मग काकांची वही. पाणी सोडणारे काका रोज मोटर किती वाजता चालू, किती वाजता बंद हे शाळेच्या वहीत लिहितात, कोणी सांगितलेलं नाही, मोटर जळली तर आपल्यावर येऊ नये म्हणून. नऊ वह्या निघाल्या. जून-जुलैला तीन-साडेतीन तास, मे महिन्यात आठ, गणपतीत दहा-अकरा, शिमग्याला पाच दिवस सात-आठ, आणि एप्रिल-मे 2020 ला सलग नऊ. गावाची खरी लोकसंख्या ह्या वहीत होती, दर दिवसाची. त्या वह्या ओल्या होऊन फुगलेल्या, काही पानांवर ग्रीसचे डाग, पण त्यांनी आम्हाला जे दाखवलं ते कुठल्याही सरकारी तक्त्यात नव्हतं.

कुठले पर्याय समोर होते

मीटर बसवायचा, जेवढं वापराल तेवढं भरा. न्याय्य वाटतं, पण मीटरचा खर्च, वाचायला माणूस, आणि कमी दाबाच्या वाड्यांत नळातून आधी हवा येते तर तिथे मीटर हवेवरच फिरतो. शिवाय मीटरने बंद घरांना जवळपास शून्य बिल येईल आणि मोटरचा स्थिर आकार परत नांदत्या घरांवरच पडेल. हा मुद्दा वह्या बघितल्यामुळे लक्षात आला, नाहीतर आम्ही मीटरवरच गेलो असतो.

बंद घरांची कनेक्शनं तोडायची आणि मे महिन्यात जोडणी फी घेऊन जोडायची. यावर चर्चा गरम झाली. काहींना हे फार आवडलं होतं. पण ऐन गणपतीत दोनशे जोडण्या करायला प्लंबर कुठून आणायचे, आणि ज्याचं घर बंद आहे त्याचा गावाशी उरलेला धागा आपणच तोडायचा का, असं एका जुन्या गावकरांनी विचारलं. मला ते पटलं.

मुंबईतल्या आमच्या गावकऱ्यांच्या मंडळाकडे देणगी मागायची. मंडळ दर वेळी मदत करतं, देवळाचा सभामंडप त्यांच्याच पैशाचा आहे. पण देणगी एकदाच येते, वीजबिल दर महिन्याला.

जलजीवन मिशनमधून नवीन योजनेची वाट बघायची. माणशी रोज 55 लिटर धरून ती आखतात, नळ नवे मिळतील, पाईप नवे मिळतील, पण चालवायचं नंतर ग्रामपंचायतीनेच. म्हणजे आज ज्या खड्ड्यात आहोत तो तसाच राहणार.

पाचवा पर्याय वह्यांतूनच निघाला, आकार वेगळे करायचे. टाकी, पाईप, मोटर तुमच्यासाठी तयार ठेवलीय त्याचा एक आकार, जो कुलूप असो नसो सगळ्यांना. आणि रोजच्या पाण्याचा वेगळा.

काय केलं

सगळ्यात महत्त्वाचा निर्णय दराचा नव्हताच, बैठक कधी घ्यायची याचा होता. चाकरमान्यांची बरीचशी नावं गावच्या मतदारयादीत नाहीत, ग्रामसभेत त्यांना मत नाही. पण त्यांच्याशिवाय ठरवलं तर ते भरणार नाहीत हे 2022 ला दिसलेलं. म्हणून मे 2023 मध्ये वाडीवार बैठका घेतल्या आणि गणपतीत, 19 सप्टेंबरला बाप्पा बसले, त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी देवळात सगळ्यांची. ही बैठक कायद्याने ग्रामसभा नव्हती. सह्या घेतल्या नाहीत, ठराव लिहिला नाही. फक्त वह्या ठेवल्या आणि काकांना बोलायला लावलं. एक जण मुंबईहून आलेला उठून म्हणाला की आम्ही वापरतच नाही तर भरायचं का, तर काकांनी वहीचं पान उघडून वाचलं, आज मोटर पहाटे चारला चालू केली, आता साडेदहा वाजले, अजून चालूच आहे, तुमच्या वाडीला अजून पाणी गेलंय कुठे. तो भाऊ खाली बसला आणि नंतर त्यानेच पहिल्यांदा पैसे भरले, हे मुद्दाम सांगतो.

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत रीतसर ठराव, एप्रिल 2024 पासून लागू. जोडणी आकार वर्षाला 720 सगळ्यांना. नांदत्या घराला त्यावर महिना 30. बंद घर जे फक्त सणाला आणि मे महिन्यात उघडतं त्याला वर्षाचा सणाचा आकार 300. आणि जिथे बारा महिने फक्त साठीच्या वरची एक-दोन माणसं तिथे जोडणी आकार तेवढा, बाकी माफ. म्हणजे नांदतं घर 1080, बंद घर 1020, आजीला 720.

दुसरी गोष्ट, बिलाचा पत्ता बदलला. सर्वेमध्येच घराघरातून जो किराणा भरतो त्याचा नंबर घेतला होता, बिल त्याच्या व्हॉट्सॲपवर, खाली क्यूआर. आईला विचारूनच नंबर घेतला, दोन-तीन आयांनी नको सांगितलं, मुलाला त्रास नको म्हणून, त्यांचं बिल कागदावरच ठेवलं.

काय झालं

पहिल्या वर्षी, मार्च 2025 पर्यंत, चालू मागणीची वसुली निम्म्याच्या खालून पाऊण हिश्श्याच्या वर गेली. मागची थकबाकी अजून पूर्ण फिटलेली नाही, हप्त्याने चालू आहे, पण मोटर परत बंद पडली नाही. बंद घरवाल्यांनी अपेक्षेपेक्षा चांगलं भरलं, बहुतेकांनी मोबाईलवर रात्री दहानंतर, कामावरून घरी आल्यावर. आजींनी नळ परत जोडून घेतला, पावती मुलाने मोबाईलवर पाठवली ती त्यांना पटेना, कागदाची द्या म्हणाल्या, डब्यात ठेवायला. आता वृद्धांना कागदाची पावती देतोच.

जे जमलं नाही ते पण लिहितो. सामाईक घरं. चार भावांचं एक घर, एक नळ, गणपती आळीपाळीने, चौघांना बिल पाठवलं तर चौघं म्हणतात यंदा माझी पाळी नाही. अशी पन्नासेक घरं आहेत आणि त्यांच्यातली निम्मी वसुली अडकलेली आहे. आणि नांदत्या घरातल्या काहींना राग आहे की मुंबईवाले पैसे भरतात म्हणून आता पाण्याच्या वेळेवर हुकूम सोडतात, मे महिन्यात टाकी धुवायची तारीख सुद्धा त्यांच्या ग्रुपवर ठरली. हा राग खोटा नाही, त्याला अजून उत्तर दिलेलं नाही.

बाजारपेठेत पण ह्या काळात बदल झालेत ते त्याच धाग्याचे. कापडाची दोन दुकानं बंद झाली, हार्डवेअरची दोन वाढली, मेडिकल एक वाढलं. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट झालं तशी खरेदी तालुक्याला जायला लागली. जुलै 2024 पासून लाडकी बहीणचे 1500 येतात त्या बायका मात्र आठवडा बाजारात हातातले पैसे खर्च करताना दिसतात, पण ती योजना 21 ते 65 वयाची, आमच्या वरच्या वाडीतल्या बऱ्याच जणी त्याच्या पुढे गेलेल्या.

परत करायचं झालं तर

पहिली माझी चूक म्हणजे 2022 चा सरसकट ठराव. दर ठरवायच्या आधी वह्या बघायला हव्या होत्या, त्या नऊ वर्षं मोटरच्या खोलीतच खिळ्याला टांगलेल्या होत्या, मी त्या खोलीत शंभर वेळा गेलो असेन.

दुसरी चूक मला जास्त लागते. आमच्या सर्वेमध्ये आम्ही नमुना 8 मधली घरं घेतली, म्हणजे ज्यांच्या नावावर घर आहे तेवढीच. आंब्याच्या बागा राखणारी नेपाळी कुटुंबं, चिरेखाणीवर कामाला आलेली कर्नाटकातली माणसं, ही आमच्या मोजणीत कुठेच नव्हती. ते बागेतल्या खोपटात नाहीतर खाणीवर राहतात, सार्वजनिक नळावर पाणी भरतात. शाळेच्या बाईंनी एक दिवस मला सांगितलं की पहिली ते चौथीत 23 मुलं आहेत त्यातली 8 राखणदारांची आहेत, ती नसती तर पट वीसच्या खाली गेला असता आणि शाळा टिकवायचीच मारामार झाली असती. बारा महिने इथे राहतात, इथे जेवतात, मुलं इथे मराठीत पाढे म्हणतात, आणि काल रात्री किती जेवले हे आम्ही त्यांना विचारलंच नाही. विचारलं असतं तर सार्वजनिक नळाची वेळ आम्ही सकाळी आठला ठेवली नसती, ती माणसं तेव्हा बागेत असतात. आता संध्याकाळी एक तास सोडतो.

तिसरं, सामाईक घरांचा विचार ठरावाच्या आधी व्हायला हवा होता. गणपती ज्याच्या पाळीचा त्याच्याकडे त्या वर्षीचं बिल, असं आता दोन वाड्यांनी स्वतःहून ठरवलंय, पाळीची यादी देवघरात लावलेली असतेच, त्यामुळे वाद कमी. हे आम्हाला सुचलं नाही, त्यांना सुचलं.

पुढची जनगणना 1 मार्च 2027 ही तारीख धरून होणार आहे, म्हणजे परत शिमग्याच्या आधीच. आकडा परत लहान येणार हे समितीत सगळ्यांना माहीत आहे. काकांच्या वहीची आता दुसरी प्रत ठेवतो, मोबाईलवर फोटो काढून, आणि वाडीवार कुलपं वर्षातून दोनदा मोजतो, एकदा फेब्रुवारीत आणि एकदा गणपतीच्या दुसऱ्या दिवशी. यंदा वरच्या वाडीत 41 घरं. फेब्रुवारीत 17 कुलपं होती, गणपतीत दोन. ती दोन घरं चार-चार भावांची आहेत आणि चौघांपैकी कोणीच आलं नाही, त्यांची बिलं अजून माझ्याकडे पडून आहेत.